नावापुरत्या बागा

हैदराबाद शहरात बागा किती आहेत, असे कोणा पाहुण्याने विचारल्यास आम्ही त्याला टपालाचे पत्ते वाचून दाखवतो. जामबाग, बशीरबाग, कुंदनबाग, बाग लिंगमपल्ली, मूसारामबाग. यादी पुष्कळ लांबेल. सतराव्या शतकात येथे येऊन गेलेल्या तावेर्निये ह्या फ्रेंच जवाहिऱ्याने तर शहराच्या नावाचाच संबंध बागेशी जोडला होता. मूसारामबाग ह्या नावात दुसरा एक फ्रेंच गृहस्थ दडला आहे. निजामाच्या पदरी असलेला सेनापती मुसिये रेमाँ १७९८ साली येथेच वारला. लोकांनी 'मुसिये रेमाँ'चे 'मूसाराम' केले, असे सांगतात. त्याची समाधी टेकडीवर आजही उभी आहे. नाव राहिले, टेकडी राहिली. बाग मात्र कोठे दिसत नाही. "मग ह्यांतली खरी बाग कोणती?" असे पाहुणा विचारतो, आणि आम्ही विषय बदलतो.

विषय बदलण्यास आमचे एक खाजगी कारण आहे. असे एक नावापुरते उरलेले ठिकाण आमच्याच लेखणीने निर्माण झाले आहे. ते कसे, हे आज सांगावयाचे आहे. कारण आमच्या वाचकांपैकी पुष्कळांचा देवस्थानांच्या कारभाराशी संबंध येतो, आणि त्यांच्यापुढे हाच प्रश्न आज ना उद्या उभा राहणार आहे.

शामीरपेठेच्या पलीकडे आमच्या मामांची नऊ एकरांची द्राक्षबाग होती. ओबडधोबड दगडी खांब, त्यांवर तारांचे जाळे, आणि तारांवर पसरलेला वेलींचा मांडव. बाहेर फाल्गुनाचे ऊन तापत असावे आणि आत हिरवा काळोख असावा. मान वर केली की डोक्यावर घड लोंबत. जात अनाब-ए-शाही. अरबीत 'इनब' म्हणजे द्राक्ष. तेव्हा हे झाले राजद्राक्ष. मणी मोठा, लांबट, बी असलेला आणि पिकल्यावर मधाची झाक येणारा. अब्दुल बाकर खान नावाच्या गृहस्थांच्या बागेतून ही जात हैदराबादेत रुजली, आणि विसाव्या शतकात येथून दक्षिणेत दूरवर पसरली. एके काळी अनाब-ए-शाही म्हटले की हैदराबाद आठवे.

दख्खनच्या भूमीला द्राक्ष काही नवे नव्हे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता दौलताबादेस आला, तेव्हा तेथे द्राक्षे व डाळिंबे असून ती वर्षातून दोनदा येतात, असे त्याने नमूद केले आहे. ह्यातील मर्म मामांनी आम्हांस लहानपणीच समजावून दिले होते. थंड देशांत वेल हिवाळ्यात पाने गाळून निजते आणि वसंतात आपोआप जागी होते. आपल्याकडे तिला निजवील अशी थंडीच नाही. ती बारा महिने जागी. म्हणून तिला ताळ्यावर आणण्याचे काम माणसाने कात्रीने करावयाचे. एप्रिलात खरड छाटणी, म्हणजे जुने सारे काढून नवी काडी धरावयाची. ऑक्टोबरात गोडी छाटणी, म्हणजे त्या काडीवर फळ आणावयाचे. एक छाटणी चुकली की वेल पानोळा माजवते आणि फळ धरीत नाही. "काडीवर किती डोळे ठेवावयाचे हे ज्याला कळले, त्याला बाग कळली," असे मामा म्हणत. आम्हांस ते कधीच कळले नाही.

आम्हांस कळत असे ते फवारणीच्या दिवसांचे. पावसाळी हवेत केवडा रोग पडे, आणि मग मोठ्या पिंपात मोरचूद व चुना कालवून निळे पाणी तयार होई. गडी त्यास 'बोडो' म्हणत. 'बोर्डो' हे फ्रान्समधील एका शहराचे नाव आहे, हे आम्ही पुढे शाळेत शिकलो. त्याची कथाही मौजेची आहे. त्या प्रांतातील बागाईतदार वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून रस्त्यालगतच्या वेलींवर हे निळे, किळसवाणे दिसणारे पाणी शिंपडीत असत. मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले की, रस्त्याकडेच्या त्या वेलींवर रोग पडत नाही. १८८५ साली त्याने ही गोष्ट प्रसिद्ध केली, आणि चोरांसाठी केलेली युक्ती जगभरच्या मळ्यांचे औषध ठरली. शामीरपेठेच्या गड्याच्या तोंडी एका फ्रेंच शहराचे नाव आले ते असे.

रामनवमीच्या सुमारास तोड संपत आलेली असे. मामा पहिली पेटी बाजारात पाठवीत नसत. ती आमच्या समाजाच्या देवळात जाई. गाभाऱ्याच्या चौकटीवर घडांची आरास होई, आणि दुपारी तोच प्रसाद मुलांच्या ओंजळीत पडे.

२००७ साली मामांनी बाग विकली. दोष कोणास द्यावा? दोन्ही मुले संगणकाच्या नोकरीत, एक तर परदेशी. छाटणीचे जाणते गडी शहरात इमारतीच्या कामावर गेलेले. विहिरीचे पाणी खोल गेलेले. शमशाबादचा नवा विमानतळ होऊ घातला होता, शहराभोवतीच्या वर्तुळाकार रस्त्याची आखणी झाली होती, आणि नऊ एकर द्राक्षे दहा वर्षांत जे देतील त्याच्या कितीतरी पट रक्कम एका सहीत मिळत होती. आम्ही नुकतीच सनद घेतली होती. मामांनी खरेदीखत आमच्याकडूनच लिहून घेतले. आमच्या वकिलीतला तो पहिला मोठा दस्त. तीस वर्षांची मालकीची कागदपत्रे आम्ही तपासली, चतुःसीमा बिनचूक लिहिल्या, आणि मोठ्या अभिमानाने मसुदा मामांना वाचून दाखवला.

त्यांनी सारे शांतपणे ऐकले आणि विचारले, "बाळा, ह्यात वेली कुठे आहेत?"

आम्ही म्हणालो, "मामा, 'जमीन, तीवरील झाडेझुडपे, विहीर व दगडखांब यांसह' असे लिहिले आहे ना? झाडेझुडपांत वेली आल्या."

"आल्या म्हणजे गेल्याच की," मामा म्हणाले, आणि त्यांनी सही केली.

आज तेथे घरांची वसाहत आहे. प्रवेशद्वाराच्या कमानीवर इंग्रजीत द्राक्षाचे नाव कोरले आहे आणि खाली सिमेंटचा एक घड रंगवला आहे. हैदराबादच्या नावापुरत्या बागांत अशी एकीची भर पडली. तिच्या दस्तावर आमचे नाव आहे.

पुढे पुष्कळ वर्षांनी आमच्या भाच्याला फ्रान्समधील दिजाँ येथील विद्यापीठात प्रवेश मिळाला, आणि एका कार्तिकात त्यास भेटावयास आम्ही गेलो. त्याने आम्हांस आगगाडीने अर्ध्या तासाच्या आत असलेल्या बोन ह्या गावी नेले. बर्गंडी प्रांतातील द्राक्षमद्याची ही जुनी पेठ. येथे खुलासा केला पाहिजे की, आमच्या घरात मद्य वर्ज्य आहे आणि बोनमध्येही आम्ही ते चाखले नाही. त्याची थोरवी गाणे हा आमचा हेतू नाही. आमचे लक्ष वेधले ते निराळ्याच गोष्टीने.

गाव लहानसे, लोकसंख्या वीस हजारांच्या आसपास. भोवती जुना कोट, मध्ये देऊळ, देवळापासून थोड्या अंतरावर बाजाराची जागा. शनिवारचा बाजार भरला होता. भाजीवाल्या बाया गिऱ्हाइकाला नावाने हाक मारीत होत्या. म्हातारे गृहस्थ एकेक अळंबी हातात घेऊन पारखत होते. फोंडा किंवा म्हापसा येथील बाजाराची आठवण व्हावी अशीच ती गजबज. घराघरांच्या पोटात तळघरे, आणि तळघरांत पिंपे. गावाबाहेर पडले की लगेच उतारावर द्राक्षांच्या रांगा. मांडव नाहीत, कमरेइतक्या उंचीच्या ठेंगण्या वेली, पाने पिवळी होऊन गळत चाललेली. प्रत्येक तुकड्याला दगडी बांध आणि स्वतःचे नाव. त्या प्रांतात अशा १२४७ नामांकित तुकड्या मोजल्या गेल्या असून २०१५ साली युनेस्कोने त्यांना जागतिक वारशाच्या यादीत घेतले आहे. कोणत्या तुकडीतील द्राक्ष कोणत्या नावाने विकावे हे तेथे कायद्याने ठरलेले असते. १९३५ सालापासून त्यासाठी स्वतंत्र व्यवस्था आहे. त्या तुकडीत वेल उरली नाही तर ते नावही बाजारात उरत नाही. नाव ठेवून बाग मोडण्याची जी सोय आम्हांस आहे, ती त्यांना नाही.

परंतु खरे आश्चर्य पुढेच होते. गावाच्या मध्यभागी रंगीत कौलांच्या नक्षीचे एक भव्य छप्पर दिसते. ते 'ओतेल-द्यू', म्हणजे अक्षरशः देवाची धर्मशाळा. बर्गंडीच्या सरदाराचा दिवाण निकोला रोलँ व त्याची पत्नी गिगोन द सालँ ह्यांनी १४४३ साली गोरगरिबांसाठी हे रुग्णालय स्थापिले. दीर्घ युद्धाने आणि दुष्काळाने तो मुलूख तेव्हा उद्ध्वस्त झाला होता. १४५२ साली पहिला रुग्ण आत आला, आणि १९७१ सालापर्यंत, म्हणजे पाचशे वर्षांहून अधिक काळ, त्याच इमारतीत रुग्णसेवा चालली. पुढे रुग्ण नव्या इस्पितळात गेले. जुन्या वास्तूचे संग्रहालय झाले.

हा खर्च चालला कशावर? १४५७ साली एका बाईने आपली द्राक्षबाग रुग्णालयाला अर्पण केली. मग दुसऱ्याने, तिसऱ्याने. शतकामागून शतके लोक मृत्युपत्रात एखादी तुकडी रुग्णांच्या नावे लिहून ठेवीत गेले. आज अशी सुमारे ६० हेक्टर, म्हणजे दीडशे एकर बाग रुग्णालयाच्या मालकीची आहे. तीवरील उत्पन्न नोव्हेंबरातील तिसऱ्या रविवारी जाहीर लिलावाने विकले जाते, आणि ही प्रथा १८५९ पासून चालू आहे. पूर्वी मेणबत्ती लावून बोली होत असे. ज्योत विझेल त्या क्षणी ज्याची बोली, त्याचा माल. पिंपांवर जुन्या दात्यांची नावे असतात. निकोला रोलँ आणि गिगोन द सालँ ह्यांची नावे आजही त्या लिलावात पुकारली जातात. भाचा म्हणाला, "मामा, ही तर आपली पावणीच!" आणि खरोखर, गोव्याच्या देवळांतून देवापुढील फळाफुलांची पावणी होते तेव्हा माणसे वस्तूच्या किमतीपेक्षा चढ बोलतात, कारण पैसा देवाकडे जातो हे त्यांना ठाऊक असते. तोच भाव आम्ही तेथे पाहिला.

वकिलाच्या मनाने लगेच ताळा मांडला. आपल्याकडे देवाला दिलेली जमीन देवाच्या मालकीची असते. मूर्ती ही कायद्याच्या दृष्टीने व्यक्ती आहे, हे प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली स्पष्ट मान्य केले. त्यातही देव हा कायद्यात सदैव अज्ञान समजला जातो, म्हणजे कधीही वयात न येणारा. म्हणून वहिवाटदाराने त्याची मिळकत पाल्याच्या मिळकतीप्रमाणे सांभाळावयाची, निकडीवाचून आणि परवानगीवाचून विकावयाची नाही. बोनचा रुग्ण हा असाच सदैव दुसऱ्याच्या आधारावर जगणारा मालक. मामांची बाग जर देवाला दिलेली असती, तर आमच्या एका मसुद्याने ती गेली नसती. त्या रात्री आम्हांस नीट झोप लागली नाही.

दुसरे दिवशी सकाळी मात्र विचाराने वेगळे वळण घेतले. रुग्णालयाच्या ह्या बागांची देखभाल वीसबावीस माळी करतात. एकेकाकडे ठरावीक तुकडी नेमून दिलेली असते आणि तो ती आपली समजून राखतो. भाच्याच्या परिचयाचा एक वृद्ध बागाईतदार आम्हांस भेटला. त्याने सांगितले की, बावीस जानेवारीस संत व्हिन्सेंटचा सण असतो, आणि त्या संताच्या नावाने गावोगाव बागाईतदारांच्या मंडळ्या आहेत. मंडळीतील कोणी आजारी पडला, तर बाकीचे त्याची छाटणी करून देतात. १९३८ पासून ह्या मंडळ्या दर वर्षी एका नव्या गावी जमतात आणि आपापल्या संताची मूर्ती खांद्यावर घेऊन मिरवणूक काढतात. हे ऐकताना आमच्या डोळ्यांपुढे शिगम्यातील आणि जत्रेतील पालख्या उभ्या राहिल्या. "कायदा जमीन राखतो," तो म्हातारा हसत म्हणाला, "पण छाटणीला कायदा येत नाही."

हे वाक्य आम्ही बरोबर घेऊन आलो. कारण देवाच्या नावे असलेल्या किती जमिनी आम्ही कोर्टात पाहिल्या आहेत! दस्त बिनचूक, विक्री अशक्य, आणि जमिनीवर काटेरी झुडपे. नाहीतर शेजाऱ्याचे अतिक्रमण आणि पंचवीस वर्षे चाललेला दावा. तेथे जमीन राहिली, बाग राहिली नाही. मामांच्या वसाहतीत नाव राहिले, जमीनही गेली आणि बागही गेली. बोनमध्ये नाव, जमीन आणि हात ही तिन्ही एकत्र राहिली आहेत. आणि तिहींपैकी हात हाच आधी जातो. मामांचे हात २००७ च्या पूर्वीच थकले होते. आम्ही लिहिले ते खरेदीखत हा केवळ मृत्यूचा दाखला होता. असे म्हटल्याने आमची सुटका होते असे नाही. दाखला लिहिण्यापूर्वी वैद्याला बोलावता आले असते, एवढेच आज सुचते.

आपल्याच मुलखात ह्याचे उदाहरण आहे. नाशिक हे तीर्थक्षेत्र. गोदावरी, पंचवटी, काळाराम ह्यांसाठी आमचे आजोबा तेथे जात. आज त्याच नाशिकची द्राक्षे सातासमुद्रापार जातात, आणि तेथील द्राक्षांना व द्राक्षमद्याला, दोहोंनाही, भौगोलिक मानांकन मिळाले आहे. मद्याविषयी प्रत्येकाने आपले मत ठेवावे. पण नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे येथील बागाईतदारांनी संघ स्थापून छाटणी, विरळणी, औषध ह्यांचे ज्ञान एकमेकांस दिले, हे विसरता येत नाही. राजाचे नाव धारण करणारे द्राक्ष हैदराबादेत होते; द्राक्षाची सत्ता मात्र जेथे हात एकत्र आले तेथे गेली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आम्ही ज्या देवस्थानाचे कायदेविषयक सल्लागार आहोत, त्याची शहराबाहेर चार एकर जमीन आहे. एका श्रद्धाळू विधवा बाईने ती नैवेद्यासाठी दिली. सध्या तेथे काही पिकत नाही. ती विकून वातानुकूलित सभागृह बांधावे आणि सभागृहाला त्या बाईचे नाव द्यावे, असा ठराव पुढील सभेपुढे येत आहे. ठराव आणणारी मंडळी प्रामाणिक आहेत. त्यांचे म्हणणे असे की, लग्नकार्याला जागा मिळेल, भाडे येईल, आणि बाईंचे नाव संगमरवरावर राहील. सरकारी परवानगी मिळण्याजोगी कारणे मसुद्यात कशी मांडावीत, हे आम्हांस विचारण्यात आले. तो मसुदा आम्हांस अर्ध्या तासात लिहिता येईल. त्या कामात आमचा हात आता चांगला बसला आहे.

तो आम्ही लिहिला नाही. त्याऐवजी दोन पानांचा अभिप्राय दिला. जमीन विकू नये. समाजातील ज्या दोघा तरुणांनी शेतकीचे शिक्षण घेतले आहे त्यांना ती ठरावीक मुदतीच्या कराराने कसावयास द्यावी. पहिली पाच वर्षे देवस्थानाने विहीर व कुंपण ह्यांचा खर्च करावा. आणि पहिले फळ देवापुढे ठेवून बाकीच्याची पावणी करावी. कोशाध्यक्षांनी लगेच विचारले, "आणि कूळ लागले तर?" शंका रास्त आहे. करारात काळजी घेता येते, पण धोका शून्य होत नाही, असे आम्ही प्रामाणिकपणे सांगितले. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "वकीलसाहेब, पाच वर्षांनी ती पोरे कंटाळून गेली तर?" ह्या प्रश्नाला आमच्याजवळ कायद्याचे उत्तर नाही. त्या पोरांच्या बरोबरीने आपण महिन्यातून एकदा तरी बांधावर गेलो तर ती कंटाळणार नाहीत, एवढेच आम्ही बोललो. सभेत थोडे हसू झाले. निर्णय पुढील सभेवर गेला आहे.

मामा आज नाहीत. सही केल्यावर चार दिवसांनी ते बागेत गेले होते आणि येताना एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून घेऊन आले होते. ती त्यांनी आमच्या परसात लावली. वेल जगली आहे. एप्रिल आणि ऑक्टोबर आला की आम्ही कात्री घेऊन उभे राहतो आणि किती डोळे ठेवावेत ह्याचा विचार करतो. बहुधा चुकतो. गेल्या वर्षी सात घड आले, आणि त्यांतील चार आंबट निघाले. बऱ्यापैकी एक रामनवमीस देवळात पोहोचवला. ज्या कोणा वाचकास छाटणीचे खरे ज्ञान असेल, त्याने येऊन आम्हांस शिकवावे. जमल्यास आमच्या पुढील सभेसही यावे.